परदेशातून यंत्र आणताना



आज मी तुमच्याशी जरा वेगळ्याच विषयावर चार गोष्टी बोलणार आहे. सुट्टीत परदेशी गेलेल्या माणसाने तिथून फोन, कॅमेरा, टीव्ही, रेडिओ अशी विजेची यंत्रे आणावीत का, आणि आणायचीच झाली तर काय पाहून आणावीत, हा तो विषय. तुम्ही म्हणाल, गुरुजी, आम्ही साक्रीच्या बाजाराला जाणारी माणसं. आमचा परदेशाशी काय संबंध? पण तसे आता राहिलेले नाही. आमच्या पिंपळनेरच्या चौकात घटकाभर उभे राहा. खत-बियाण्याच्या कंपनीने चांगला खप केला म्हणून बँकॉकला नेलेला कृषी सेवा केंद्राचा मालक तुम्हाला भेटेल. मुलाकडे दुबईला महिनाभर राहून आलेल्या ताई भेटतील. पशुपतिनाथाला जाऊन आलेली म्हातारी माणसे तर गल्लोगल्ली आहेत. कोणी शेतीच्या अभ्यासदौऱ्यावर इस्रायल पाहून आलेला असतो. पांझरेच्या काठचा माणूस आज समुद्रापार जातो आणि परत येताना त्याच्या पिशवीत काहीतरी यंत्र असते. गावात पाय ठेवला की पहिला प्रश्न ठरलेला: "कितलाले लिधा रे भाऊ?"

किती पडला, हे सगळे विचारतात. बिघडला तर कोणाच्या दारात जायचे, हे मात्र कोणी विचारीत नाही. आजचे माझे सगळे बोलणे या दुसऱ्या प्रश्नाभोवती आहे.

आधी माझीच एक फजिती सांगतो. म्हणजे हा शहाणपणा मला फुकट मिळालेला नाही, हे तुमच्या ध्यानात येईल.

गोष्ट १९८४ सालची, मे महिन्याच्या सुट्टीतली. मी तेव्हा तरुण शिक्षक होतो. आईला काशीयात्रा घडवावी म्हणून यात्रेच्या गाडीत दोन जागा घेतल्या. प्रयाग झाले, काशी झाली, गोरखपूरवरून सोनौलीचा नाका ओलांडून गाडी नेपाळात गेली. पशुपतिनाथाचे दर्शन झाले. आणि दर्शन झाल्याबरोबर गाडीतली निम्मी माणसे नाहीशी झाली! कुठे गेली? तर काठमांडूच्या न्यू रोडला. त्या काळात आपल्याकडे परदेशी माल दिसायचाच नाही, आणि न्यू रोडच्या दुकानांत जपानी घड्याळे, छत्र्या, कॅमेरे, टेपरेकॉर्डर यांची रास लागलेली. मीही गेलो. एका दुकानात ‘टू-इन-वन’ पाहिला, म्हणजे रेडिओही तोच आणि टेपरेकॉर्डरही तोच. वाजवून पाहिला. आवाज असा की अंगावर काटा यावा. माझ्या दोन महिन्यांच्या पगाराइतके पैसे मोजून दिले. दुकानदार गोड बोलणारा होता. मी बिल मागितले, तर हसून म्हणाला, "बिल कशाला हवे? बिल असले की नाक्यावर त्रास." मलाही ते पटले. पटले म्हणण्यापेक्षा, पटवून घेतले.

परतीच्या वाटेवर गाडीत जे काही चालले होते ते आता आठवले की हसू येते आणि थोडी लाजही वाटते. एकाच्या दोन्ही मनगटांवर मिळून चार घड्याळे. एकीने रेशमी साडीच्या घडीत कॅमेरा ठेवलेला. मी माझा टू-इन-वन आईच्या गोधडीत गुंडाळला आणि तिला म्हणालो, "विचारलं तर सांग, अंथरूण आहे." आई काहीच बोलली नाही.

नाक्यावर सामान उतरवले गेले. अधिकारी एकेक वळकटी पाहत आमच्यापाशी आला आणि आईला आदराने म्हणाला, "माताजी, इसमें क्या है?" माझा श्वास अडकला. आईला हिंदी फारशी येत नव्हती. ती आपल्या अहिराणीतच सरळ म्हणाली, "मन्हा पोऱ्यानी रेडू लिधा, तोच शे त्याम्हा." अधिकाऱ्याला सगळे शब्द कळले नसतील, पण ‘रेडू’ कळला. गोधडी उलगडली. मला बाजूला घेऊन त्याने एवढेच विचारले, "मास्टरजी हो ना?" मी मान खाली घातली. त्याने जे शुल्क होते ते आकारले, पावती फाडून दिली आणि यंत्र माझ्या हातात ठेवले. शुल्क भरताना माझ्याकडचे पैसे संपले. गावापर्यंतचा चहासुद्धा मी सोबत्यांच्या पैशांनी प्यालो.

गाडीत बसल्यावर मी आईवर थोडा चिडलो. ती म्हणाली, "आपन देवले गयथूत ना रे?" देवाला गेलो होतो ना आपण? त्यावर मला बोलण्यासारखे काही राहिले नाही. वर्गात रोज खरे बोलण्याचे धडे देणारा मी, आणि शाळेचे तोंड न पाहिलेली आई.

पुढची हकीकत लहानच आहे. पावसाळा संपायच्या आत टेपची फीत आत अडकू लागली. धुळ्याला नेला. दुरुस्ती करणारा भला माणूस, खोलून पाहिले आणि म्हणाला, "गुरुजी, याचा पट्टा आणि आतला एक भाग आपल्याकडे मिळत नाही. ज्याच्याकडून घेतला त्यालाच पत्र टाका." मी पत्र कोणाला टाकणार? दुकानाचे नाव नाही, बिल नाही. त्या यंत्राचा एकच कागद माझ्यापाशी होता, तो म्हणजे नाक्यावरची पावती. ती मी अजून जपून ठेवली आहे.

आता कोणी म्हणेल, असे होते तर माणसे परदेशी मालासाठी एवढी वेडी का झाली होती? त्याला कारण होते. १९९१ सालापूर्वी आपल्या देशात बाहेरून येणाऱ्या मालावर सीमाशुल्क फार जबर असे. काही वस्तूंवर ते वस्तूच्या मूळ किमतीपेक्षाही जास्त. शिवाय आयातीला परवाना लागे, तो सहसा मिळत नसे. उलट सिंगापूर, हाँगकाँग ही बंदरे खुली. तिथे जगभरचा माल थोड्या शुल्कात किंवा शुल्काशिवाय उतरे. त्यामुळे तिथला रेडिओ आणि इथला रेडिओ यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडे. १५ ऑगस्ट १९८२ ला आपल्याकडे दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, त्यानंतर तर आखातात नोकरीला गेलेल्या प्रत्येक कोकणी माणसाकडून घरच्यांची एकच मागणी असे: येताना रंगीत टीव्ही आण. त्या दिवसांत परदेशातून यंत्र आणणे म्हणजे खरोखरच बचत होती.

परंतु ते दिवस गेले. आपली सवय मात्र गेली नाही. १९९१ नंतर शुल्के टप्प्याटप्प्याने उतरली. १९९७ साली भारत माहिती-तंत्रज्ञानाच्या वस्तूंविषयीच्या जागतिक करारात सामील झाला आणि २००५ सालापर्यंत संगणकासारख्या अनेक वस्तूंवरचे सीमाशुल्क शून्यावर आले. मोबाईल फोन तर आता आपल्याच देशात कोट्यवधींच्या संख्येने जोडले जातात. ज्या वस्तूच्या किमतीत पूर्वी निम्म्याचा फरक होता, तिच्यात आज पुष्कळदा थोड्याच टक्क्यांचा फरक उरतो, कधी तेवढाही नाही. म्हणून परदेशातल्या दुकानात उभे असताना पहिले काम हे करावे: हातात फोन असतोच, तर तोच नमुना आपल्याकडे आज कितीला आहे ते पाहावे. नुसते "बाहेर स्वस्त असते" या ऐकीव गोष्टीवर पैसे मोजू नयेत.

किंमत पाहून झाली की चार प्रश्न विचारावेत. ते मी एकेक करून सांगतो.

पहिला प्रश्न विजेचा. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची. दुबई, सिंगापूर, नेपाळ या ठिकाणी ती साधारण आपल्यासारखीच आहे. पण जपानात ती १०० व्होल्टची आणि अमेरिकेत १२० व्होल्टची. अमेरिकेतल्या मुलीने आईसाठी हौसेने मिक्सर पाठवला. आईने तो पिंपळनेरच्या बोर्डात लावला. एक भपका आणि खेळ खलास, असे प्रकार घरोघर झालेले आहेत. शिक्षक मित्रांनो, इथे विज्ञानाच्या तासाचा चांगला धडा आहे. तापणाऱ्या तारेला दुप्पट दाब दिला तर उष्णता दुप्पट होत नाही, ती चौपट होते. इस्त्री, केस वाळवण्याचे यंत्र, पाणी तापवण्याचे भांडे ही म्हणूनच क्षणात जळतात. फोनच्या आणि लॅपटॉपच्या चार्जरचे मात्र तसे नसते. त्यावर बारीक अक्षरांत ‘इनपुट १०० ते २४० व्होल्ट’ असे लिहिलेले सापडले, तर तो जगात कुठेही चालतो. ते अक्षर वाचल्याखेरीज वस्तू घेऊ नये. दुबई आणि सिंगापूरचा प्लग तीन चौकोनी पट्ट्यांचा असतो. तो आपल्या गोल भोकांत जात नाही. त्याला जोड मिळतो, तो चांगल्या प्रतीचा घ्यावा. काड्या खुपसून प्लग बसवण्याची कारागिरी कोणी करू नये; घरात मुले असतात.

दुसरा प्रश्न असा, की ही वस्तू आपल्या मुलखात चालेल का? वस्तू चालू आहे आणि वस्तू आपल्याकडे चालते, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रेडिओचेच उदाहरण घ्या. आपल्याकडे एफएम केंद्रे ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या दरम्यान लागतात, आणि आकाशवाणीची बरीच एफएम केंद्रे १०० च्या पुढे आहेत. जपानातल्या लोकांसाठी बनलेल्या जुन्या रेडिओचा काटा ७६ ला सुरू होतो आणि ९० ला संपतो. यंत्र उत्तम, आवाज उत्तम, पण आपले केंद्र त्याच्या पट्टीतच नाही! मध्यम लहरींचेही तसेच. आपल्याकडे केंद्रे नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने मांडलेली असतात, अमेरिकेत दहा-दहाच्या. खानदेशाने वर्षानुवर्षे जळगाव केंद्र ऐकले ते ९६३ किलोहर्ट्झवर. अमेरिकेचा आकडे दाखवणारा रेडिओ ९६० वर थांबतो आणि तिथून एकदम ९७० वर उडी मारतो. मधले ९६३ त्याच्या गावीही नसते. काही रेडिओंना मागे ‘नऊ-दहा’ अशी कळ असते, ती असली तर प्रश्न सुटतो. घेण्याआधी ती कळ आहे का ते पाहावे.

फोनचेही असेच आहे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनना २०२२ सालच्या नमुन्यापासून सिम कार्ड घालायची खाचच ठेवलेली नाही. त्यात नंबर आतल्या आत नोंदवावा लागतो, त्याला ई-सिम म्हणतात. आपली कंपनी ई-सिम देते का आणि ते करून देणारा माणूस आपल्या गावाजवळ आहे का, हे आधी विचारून ठेवावे. काही फोन हप्त्यांवर विकलेले आणि एकाच कंपनीशी बांधलेले असतात. ते दुसरे सिम घेत नाहीत. म्हणून दुकानातच आपले सिम घालून, घरी एक फोन लावून पाहावा. दुकानदार याला नाही म्हणाला, तर आपण खरेदीला नाही म्हणावे.

तिसरा प्रश्न हमीचा. दुकानदार म्हणतो, "इंटरनॅशनल वॉरंटी आहे." फार गोड शब्द! पण कागदावर काय लिहिले आहे? कित्येक यंत्रांची हमी ज्या देशात ती विकली त्याच देशापुरती असते. कॅमेरा, लॅपटॉप यांच्या काही कंपन्या जगभर हमी देतात; काहींच्या एका वस्तूला ती असते आणि दुसऱ्या वस्तूला नसते. यात सरसकट नियम नाही. त्या वस्तूचे हमीपत्रच वाचावे लागते. त्यात ‘भारत’ हा शब्द आहे का ते शोधावे. बिलावर दुकानाचे नाव, तारीख आणि यंत्राचा क्रमांक आहे ना, ते पाहावे. फोनचा क्रमांक तर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबले की पडद्यावर येतो; तो आणि खोक्यावरचा आणि बिलावरचा, तिन्ही जुळले पाहिजेत.

इथे मला कायद्याची एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या देशात २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. त्याने एक मोठी सोय केली आहे. तुम्ही वस्तू पुण्या-मुंबईला घेतली असली, तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे करू शकता. म्हणजे पिंपळनेरच्या माणसाला धुळ्यालाच दाद मागता येते. १९१५ या क्रमांकावर फोन करूनही सल्ला मिळतो. परंतु हा सगळा आधार देशातल्या विक्रेत्यासाठी. बँकॉकच्या दुकानदाराला धुळ्याची नोटीस कशी पोचणार, आणि पोचली तरी तो कशाला येणार? देशात खरेदी केली की वस्तूबरोबर हा आधारही आपण घरी आणतो. परदेशात खरेदी केली की तो आधार तिथल्या काउंटरवर ठेवून येतो. थोड्याशा बचतीच्या बदल्यात आपण काय सोडून येतो, ते एवढे मोठे आहे.

तिथल्या तिथे फसवणूक झाली तर काय होते, त्याचे एक उदाहरण जगभर गाजले. २०१४ सालच्या नोव्हेंबरात व्हिएतनामचा एक कामगार सुट्टीत सिंगापूरला गेला होता. सिम लिम स्क्वेअर नावाच्या मोठ्या यंत्रबाजारातल्या एका दुकानात त्याने ९५० सिंगापुरी डॉलर मोजून फोन घेतला. पैसे दिल्यावर त्याच्यापुढे हमीचा कागद आला आणि आणखी १,५०० डॉलर मागितले गेले. नाहीतर फोन मिळणार नाही! त्याने वाचल्याशिवाय सही केली होती. त्या गरीब माणसाने दुकानात गुडघे टेकले, रडला. त्याचे चित्रण लोकांनी पाहिले, सिंगापूरच्या नागरिकांनाच लाज वाटली, आणि पुढे २०१५ साली त्या दुकानाच्या मालकाला ३३ महिन्यांची कैद झाली. न्याय झाला खरा. पण तिथल्या कायद्याचा हात कडक होता आणि जनमत जागे झाले म्हणून. प्रत्येक प्रवाशाच्या नशिबी ते नसते. सुट्टी चार दिवसांची, विमान ठरलेले, भाषा परकी. ठगाला हे सगळे माहीत असते. म्हणून ज्या कागदाचा अर्थ कळत नाही त्यावर सही नाही, आणि वस्तू हातात आल्याशिवाय पैसे नाहीत, ही दोन कुलपे लावूनच दुकानात शिरावे.

पैसे देताना आणखी एक बारीक गोष्ट, बरं का. कार्ड दिले की पुष्कळदा यंत्र विचारते: रुपयांत देता की दिरहमात? रुपये पाहून आपल्याला आपलेपणा वाटतो आणि आपण रुपयांचे बटण दाबतो. तिथे दर त्यांचा लागतो, आणि तो बहुधा आपल्या बँकेच्या दरापेक्षा महाग पडतो. म्हणून ज्या देशात आहात त्याच्याच चलनात द्या. तसेच दुबईत २०१८ सालापासून खरेदीवर ५ टक्के कर आहे आणि पर्यटकाला त्यातला बराचसा भाग परत मिळण्याची सोय आहे. सिंगापुरातही अशी सोय आहे. पण त्यासाठी दुकानातच पासपोर्ट दाखवून तशी नोंद करून घ्यावी लागते आणि विमानतळावर वस्तूसह हजर व्हावे लागते. वस्तू सामानात टाकून दिली आणि मग रांगेत उभे राहिलात, तर हात हलवीत परत यावे लागेल.

आता चौथा प्रश्न, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा: आपल्या सरकारचे घेणे. प्रवाशाला ठराविक किमतीपर्यंतचा माल शुल्काशिवाय आणता येतो. २०१६ सालच्या नियमावलीत, विमानाने बहुतेक देशांतून येणाऱ्या भारतीयाला ही मर्यादा ५०,००० रुपयांची होती आणि प्रौढ प्रवाशाला एक लॅपटॉप वेगळा आणता येत असे. नवरा-बायकोला आपापल्या मर्यादा एकत्र करून एकच महाग वस्तू आणता येत नसे. नेपाळातून रस्त्याने येणाऱ्याला तर वापरातल्या सामानापलीकडे सूटच नव्हती. यात्रेच्या गाडीने जाणाऱ्या आपल्या मंडळींना ही गोष्ट ठाऊकच नसे. चपट्या पडद्याच्या टीव्हीची सूट सरकारने २०१३ च्या ऑगस्टमध्येच काढून घेतली. हे आकडे अंदाजपत्रकाबरोबर बदलत असतात. म्हणून मागच्या वर्षी गेलेल्या शेजाऱ्याचे ऐकून चालू नये. निघण्याच्या आठवड्यात सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर ताजा आकडा पाहून, तो कागदावर लिहून खिशात ठेवावा.

शिक्षक मित्रांनो, याचे गणित मुलांना जरूर घाला. २०१८ पासून त्या नियमावलीच्या काळात जास्तीच्या किमतीवर अधिभारासह ३८.५ टक्के शुल्क पडे. कोणी ९०,००० रुपयांचा फोन आणला. मर्यादा ५०,०००. जास्तीचे ४०,०००. त्यावर शुल्क १५,४०० रुपये. म्हणजे फोन पडला १,०५,४०० रुपयांना. तोच फोन धुळ्याच्या दुकानात एक लाखाला बिलासह, हमीसह मिळत असेल, तर फायदा कोणाचा झाला? पाचवी-सहावीतला मुलगा हे गणित दोन मिनिटांत सोडवतो. मोठी माणसे ते सोडवीत नाहीत, कारण त्यांनी मनात धरलेले असते की शुल्क भरायचेच नाही.

विमानतळावर दोन वाटा असतात, एक हिरवी, एक लाल. सांगण्यासारखे काही नाही त्याने हिरव्या वाटेने जावे. शुल्काची वस्तू असेल त्याने लाल वाटेने जाऊन आपणहून सांगावे. लाल वाट गुन्हेगारांची नव्हे, ती हिशेब चोख ठेवणाऱ्यांची वाट आहे. हिरव्या वाटेत माल सापडला, तर तो जप्त होऊ शकतो आणि वर दंड बसतो. जाताना आपला महागडा कॅमेरा किंवा लॅपटॉप बरोबर नेणार असाल, तर निघतानाच सीमाशुल्काच्या खिडकीवर त्याची नोंद करून दाखला घ्यावा. म्हणजे येताना तो नवीन आणला असा संशय कोणी घेणार नाही. ड्रोन विमानांची आयात ९ फेब्रुवारी २०२२ पासून थोडे अपवाद सोडून बंद झाली, म्हणून शेतावर फवारणीसाठी किंवा लग्नाच्या चित्रणासाठी बाहेरून ड्रोन आणण्याचा मोह धरू नये. उपग्रहावर चालणारे फोन परवानगीशिवाय बाळगणे हा तर आपल्या देशात गुन्हाच आहे. परदेशी पाहुणेही त्यापायी अडकलेले आहेत.

आणि दुसऱ्याची पेटी. हे जरा नीट ऐका. माझा एक भाचा कृषी सेवा केंद्र चालवतो. कंपनीच्या सहलीबरोबर तो दुबईला गेला. परतीच्या आदल्या रात्री हॉटेलात एक ओळख काढणारा माणूस भेटला. "तुम्ही धुळ्याकडचे का? आपलेच लोक. हे चार फोन मुंबईपर्यंत न्या, बाहेर माणूस उभा असेल, तुमचा खर्च निघेल." भाच्याने रात्री मला फोन लावला. "मामा, काय करू? चारच फोन आहेत." मी त्याला माझ्या गोधडीची गोष्ट सांगितली. म्हणालो, "बाळा, ती निदान आपली वस्तू होती. ही तर वस्तूही तुझी नाही आणि खोक्यात फोनच आहेत, हेही तुला ठाऊक नाही. नाक्यावर विचारले तर सांगशील काय?" त्याने सकाळी त्या माणसाला नाही सांगितले. तो माणूस रागावला, "खानदेशी असून एवढं काम करत नाही" असे टोचून बोलला. बोलू दे. बॅगेवर नाव आपले असते. आतल्या मालाचा जाबही आपणच द्यायचा असतो.

भाच्याने स्वतःसाठी फोन पाहून ठेवला होता. दुकानात उभ्या उभ्या त्याने वर सांगितलेले प्रश्न विचारले. किमतीत चार हजारांचा फरक, हमी भारतात नाही, शुल्क वेगळे. त्याने फोन तिथेच ठेवला आणि मुलाला गाणी ऐकायला कानाचा एक छोटा संच बिल घेऊन आणला. गावात काहींनी नाके मुरडली: दुबईला जाऊन हेच आणले का? तो हसून म्हणतो, "बाकीचे धुळ्यालाच मिळते."

मी असे मुळीच म्हणत नाही, की परदेशातून काही आणूच नये. आपल्याकडे न मिळणारी वस्तू असेल, एखाद्या अंध विद्यार्थ्याला उपयोगी पडणारे वाचनयंत्र असेल, कंपनीची हमी भारतात चालणारा कॅमेरा असेल, आणि शुल्क धरूनही परवडत असेल, तर अवश्य आणावे. आणताना एवढे करावे: बॅटरीचा पॉवर बँक बॅगेत टाकून देऊ नये, तो विमानात हाताशीच ठेवायचा असतो, बिल आणि हमीपत्राचे छायाचित्र काढून घरी पाठवून द्यावे, आणि मूळ कागद पासपोर्टच्या पाकिटात ठेवावे.

माझी आई आता नाही. तो टू-इन-वन पुष्कळ वर्षे आमच्या माळ्यावर पडून होता. पुढे शाळेतल्या मुलांनी तो खोलून चुंबक कसा असतो, फीत कशी फिरते हे पाहिले. तेवढा त्याचा उपयोग झाला. नाक्यावरची पावती मात्र मी दरवर्षी सुट्टी लागण्याच्या आधी वर्गात दाखवीत असे आणि गोधडीची गोष्ट, स्वतःला न वाचवता, सांगत असे. मुले खदखदून हसत. मग त्यातले एखादे विचारी, "गुरुजी, तुमची आई खोटं बोलली असती तर?" मी सांगत असे, "तर रेडिओ तसाच बिघडला असता, आणि माझ्याकडे पावतीही राहिली नसती."

यंदाच्या सुट्टीत तुमच्यापैकी कोणी परदेशी जाणार असाल, तर सुखाने जा, डोळे भरून पाहा, आणि आणणार असाल ते चार प्रश्न विचारून आणा. वीज कोणती, आपल्याकडे चालेल का, हमी कुठली, शुल्क किती. आणि नाक्यावर कोणी विचारले, "यात काय आहे?" तर माझ्या आईसारखे सरळ सांगा.